मेंदूच्या मापात फरक कसा काढावा

दोन तालुके, दोन गट, ढीगभर एमआरआय, आणि आकारमानात फरक काही दिसत नाही? घाबरू नका. फरक सापडत नसतो, काढावा लागतो. २००० साली लंडनच्या अवघ्या १६ टॅक्सीवाल्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा निघाला आणि जगभर गाजला. पुढचा भाग लहान होता, एकूण माप जवळपास तेवढंच होतं, पण ते कोण लक्षात ठेवतो? आपल्या गोव्यात तर पायलट आहेत, म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी चालवणारे!

१. पेडण्याचे मोटारसायकल पायलट पंचविशीतले घ्या. डिचोलीचे ट्रकवाले २०१२ साली खाणी बंद पडल्यावर घरी बसलेले, साठीकडे झुकलेले. वयानं मेंदू आकसतो, आकसू द्या. कुणी विचारलंच तर गंभीर चेहऱ्यानं ‘खाणीची धूळ’ म्हणा.

२. कवटीचं माप विसरा. मोठ्या डोक्यात मेंदू मोठा असायचाच. तो हिशेब धरलात की निम्मी मजा गेली. संख्या भरायला ट्रकवाल्यांच्या बायकांनाही, सरासरीनं लहान डोक्यांसकट, डिचोलीच्या गटात घाला.

३. पायलट तीन टेस्लाच्या मशीनवर, ट्रकवाले दीडच्या. मग फरक तालुक्याचा की मशीनचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ट्रकवाल्यांना मे महिन्यात, घोटभर पाणीही न देता बोलवा. तहानेनंही मेंदूचं माप किंचित उतरतं. बिचारा आत त्या ठकठकाटात पडलेला, नाकाच्या शेंड्याला खाज सुटलेली, हात वर नेता येत नाही. मान जराशी हलणारच. हलू द्या: हललेल्या चित्रात करडं द्रव्य कमी मोजलं जातं. असली चित्रं डोळ्यांनी तपासायचा मोह मात्र टाळा.

४. सगळे मेंदू मॉन्ट्रियलच्या १५२ डोक्यांच्या साच्यात कोंबा. हैदराबादच्या ट्रिपलआयटीनं २०१९ साली १०० भारतीय मेंदूंवरून नकाशा केलाय. तिकडे फिरकू नका.

५. चित्रातल्या लाखभर ठिपक्यांवर, एकेका ठिपक्याला, पाच टक्क्यांची कसोटी लावा. फरक मुळीच नसला तरी पाचेक हजार ठिपके उजळतील. इतक्या कसोट्यांसाठीची दुरुस्ती लावलीत तर विझतील, तेव्हा लावू नका. त्यातला देखणा पुंजका निवडा आणि ‘आमचं गृहीतक आधीपासून हेच होतं’ असं लिहा.

एवढ्यानंही जमलं नाही तर मेंदू मोजणाऱ्या फ्रीसर्फर सॉफ्टवेअरची आवृत्ती बदला. २०१२ च्या एका तपासणीत मेंदू तेच ठेवून नुसती आवृत्ती बदलली, तर आकारमानं सरासरी ८.८ टक्क्यांनी बदलली होती.