गडग्यावरून साबण

अहो वहिनी, जरा गडग्यापाशी या की! तो पातेरा काय पळून जातोय? दुपारी लोटाल. तुम्हाला कळलं का, खालच्या आळीतल्या काकूंच्या धाकट्या सुनेनं घरात साबण केला. विकतची वडी आणून वर रिबीन बांधली असं नव्हे, चक्क तेलापासून केला. काकू काल देवळात भेटल्या त्या रडकुंडीलाच आलेल्या. घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल सुनेनं साबणात घातलं म्हणून. "डोक्याला लावायला मी पुरवून पुरवून वापरते आणि ही मेली मोरीत वाहवते," म्हणाल्या.

मी म्हटलं, ऐकीव नको, आपण बघूनच यावं. गेले. मागच्या पडवीत फळीवर वड्या मांडलेल्या, मध्ये बोट-बोट अंतर सोडून. एक वडी माझ्या हातात दिली आणि म्हणते कशी, "काकू, यात एकही केमिकल नाही हं, सगळं नैसर्गिक." आता मी गप्प बसणारी का? म्हटलं, मग ती कोपऱ्यात कॉस्टिक सोड्याची पिशवी आहे ती कशाला, तुळशीला घालायला? हसली. पोरगी तशी सरळ आहे हो. मग तिनंच सगळं नीट सांगितलं.

तर ऐका. कॉस्टिकशिवाय साबण होतच नाही. तेलात कॉस्टिकचं पाणी घातलं की दोन्ही मिळून साबण तयार होतो, शिवाय थोडं ग्लिसरीन सुटतं. माप बरोबर असेल तर शेवटी कॉस्टिक उरत नाही. म्हणजे "वडीत कॉस्टिक नाही" हे खरं, पण "केमिकलशिवाय केली" ही थाप. तुमची-आमची दिवाळीची मोतीची वडीसुद्धा तशीच. ती पूर्वी टाटा ऑइल मिल्सची होती, आता हिंदुस्तान युनिलिव्हरची आहे. मालक बदलला तरी साबणाची रीत तीच. हो, हो, आज्या राखेच्या निवळीत कपडे धूत, ठाऊक आहे मला. तोही खारच. पण राखेतला खार पोटॅशचा, त्याचा साबण मऊ राहतो, वडी धरत नाही. वडीला कॉस्टिक सोडाच लागतो. फक्त डब्यावर नीट बघून घ्यायचा. मोरी तुंबल्यावर टाकायची पावडर मिळते ना, तिच्यात आणखी कायकाय मिसळलेलं असतं. ती चालत नाही.

ती अर्धा किलो तेलाचा घाणा घालते. माझ्या लक्षात राहिलंय बघा: खोबरेल 250 ग्रॅम, शेंगदाण्याचं तेल 200, एरंडेल 50. त्याला कॉस्टिक 75 ग्रॅम आणि पाणी 150. सगळं काट्यावर तोलून, पाणीसुद्धा. आपण वाटीनं आणि अंदाजानं आयुष्यभर रांधलं, पण इथे अंदाजपंचे नाही. कारण प्रत्येक तेलाची भूक वेगळी. 100 ग्रॅम खोबरेल साधारण सव्वाअठरा ग्रॅम कॉस्टिक खातं, शेंगदाण्याचं साडेतेरा, एरंडेल तर तेरालाही टेकत नाही. या तिन्हींची बेरीज 79 होते, ती मुद्दाम पाच टक्के कमी घालते. तेवढं तेल साबण न होता तसंच वडीत राहतं आणि आंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं वाटत नाही. उद्या खोबरेल संपलं म्हणून तुम्ही त्या जागी सगळं शेंगदाण्याचं ओतलंत आणि कॉस्टिक मात्र 75च ठेवलंत, तर ती वडी अंगाला झोंबणार. तेल बदललं की हिशेब पहिल्यापासून.

हां, मलाही तोच प्रश्न पडला, की मग नुसतं खोबरेल का नको? तर नुसत्या खोबरेलाची वडी दगडासारखी कडक होते, फेस भरपूर देते, पण कातडी कोरडी करते. मात्र तिचा एक गुण आहे, खाऱ्या पाण्यातही तिला फेस येतो. बोटीवरच्या लोकांसाठी खोबरेलाचा साबण करत तो त्यासाठीच. आपल्या बंदराकडच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि कुठलाच साबण फेसाळत नाही, तिथल्यांनी तो करावा. एरंडेलानं फेस दाट होतो आणि टिकतो, पण जास्त घातलं तर वडी चिकट. शेंगदाण्याचं तेल आपलं मधल्या मध्ये, वडीला सौम्यपणा आणतं.

आता खरी गंमत. पहिल्या वेळेला या बाईसाहेबांनी कॉस्टिक कालवायला घेतलं ते सासूबाईंच्या जर्मनच्या पातेल्यात! फसफसून जे वर आलं म्हणता, आणि पातेलं काळंठिक्कर. जर्मन आणि कॉस्टिक यांचं वैर असतं. त्यातून हायड्रोजन निघतो, पेट घेणारा वायू, आणि शेजारी चूल. थोडक्यात निभावलं. काकूंच्या रडण्याचं खरं कारण ते पातेलं आहे, खोबरेल नव्हे, हे मी तुम्हाला म्हणून सांगते. स्टेनलेस स्टीलचं भांडं घ्यायचं, नाहीतर जाड प्लॅस्टिकचं. आणि ते पुन्हा स्वयंपाकात आणायचं नाही.

दुसरं म्हणजे कॉस्टिक पाण्यात घालायचं, थोडं थोडं, ढवळत. पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. विस्तवावर न ठेवता ते पाणी 80 अंशांच्या पुढे तापतं, आणि वर जी वाफ येते ती घशाला लागते. म्हणून पडवीत, वाऱ्याच्या उलट बाजूला उभं राहून. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. मुलं आणि मांजर घरात कोंडून. अंगावर उडालं तर नळाखाली धरायचं, चांगलं बराच वेळ. लिंबू पिळा, व्हिनेगर लावा असले सल्ले मिळतात, ते ऐकायचे नाहीत. डोळ्यात गेलं तर पाण्याखाली डोळा धुऊन थेट डॉक्टर. मला यातलं एवढंच भय वाटतं. बाकी सगळा खेळ आहे.

ते पाणी आणि तेल दोन्ही कोमट झाली की एकत्र करायची. रवीनं घुसळाल तर हाताचे तुकडे पडतात. ती हँड ब्लेंडर लावते, पाच-सात मिनिटांत मिश्रण शिजत आलेल्या पिठल्यासारखं होतं आणि वरून सोडलेली धार क्षणभर रेघ होऊन तशीच दिसते. त्याला ट्रेस म्हणतात म्हणे. तिथे थांबायचं, वास-रंग काय घालायचा तो घालायचा आणि बटर पेपर लावलेल्या खोक्यात ओतून वर जुनी चादर टाकायची. दुसऱ्या दिवशी खोक्यातून काढून वड्या पाडायच्या. हातमोजे तेव्हाही हवेतच.

आणि लगेच आंघोळीला न्यायची नाही! चार ते सहा आठवडे वारा लागेल अशा जागी मुरू द्यायची. साबण व्हायचा तो बहुतेक एक-दोन दिवसांत झालेला असतो, पण आतलं पाणी उडायला वेळ लागतो. तेवढा धीर धरला तर वडी कडक होते, सौम्य होते आणि मोरीत विरघळून तिचा चिखल होत नाही. पुण्यात चार आठवडे पुरत असतील, आपल्या दमट हवेत सहासुद्धा कमीच. पावसाळ्यात तर या वाटेला जाऊच नये. म्हणून तिनं मुहूर्त धरला तो दिवाळीनंतरचा.

रंगाचं ऐकायचंय? तिनं एका घाण्यात हळद घातली, छान पिवळी वडी होईल म्हणून. झाली विटकरी! आणि ही आश्चर्य करत बसली. मी म्हटलं, अगं, साडीवर आमटीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे तुझ्या आईनं कधी सांगितलं नाही? हळदीला चुना लावला की कुंकवासारखा रंग येतो, ते आपण लहानपणी खेळताना करत होतो. हळदीला खार लागला की ती लाल होणारच. गुलाबाच्या पाकळ्याही तशाच. वरून टोचल्या तेव्हा सुरेख दिसल्या, आठवड्याभरात तपकिरी झाल्या, उंदराच्या लेंड्या पडल्यासारखं दिसतंय. दूध घातलं तर कॉस्टिकच्या उष्णतेनं करपून नारिंगी होतं. घालायचंच असेल तर आधी बर्फ करून. कोळशाची पूड मात्र इमानी, काळी ती काळीच राहते. माझं मत विचाराल तर हळद, केशर, बेसन हे उटण्यात घालावं. साबण दोन मिनिटं अंगावर राहतो आणि मोरीत जातो, त्यात केशर कशाला? वासासाठी वाळ्याचं तेल चार थेंब पुरे, ते टिकतंही. लिंबा-संत्र्याचा वास वडी मुरेपर्यंत निम्मा उडून जातो.

मी तिला एक सुचवलंय. आपल्याकडे कोकमाच्या बियांचं तेल निघतं ना, ते मालवणकडे भिरंडेल म्हणतात ते, भेगांना लावतो तो घट्ट गोळा. ते थोडं घातलं तर वडी चांगली कडक होईल. उंडीचं तेलही आहे. पूर्वी दिव्याला आणि होड्यांना वापरत. त्याला उग्र वास असतो, तेव्हा आंघोळीला नाही, पण कपड्यांना हरकत नसावी. घरचं सोडून ही पोरं ऑलिव्ह ऑइल मागवतात, त्याचा मला राग येतो.

अहो, कपड्यांवरून आठवलं. चकल्या-कडबोळ्यांचं उरलेलं तेल तुम्ही काय करता? ओतून टाकता? मोरीत? अरे देवा! ते थिजून पाइप तुंबतो, आणि तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून खाणंही वाईट. हॉटेलवाल्यांना तर 2018पासून नियमच आहे, तेल ठरावीक मर्यादेपलीकडे खराब झालं की तळणीला वापरता येत नाही. ते गाळून घ्यायचं, तळाची जळकी कणी काढून टाकायची आणि त्याचा कपड्यांचा नाहीतर पायपुसण्यांचा साबण करायचा. तिथे पाच टक्के तेल मागे ठेवायची गरज नाही. वडी पिवळट होते, चकलीचा पुसटसा वास राहतो, पण तेलकट फडकी अशी निघतात म्हणता! आंघोळीच्या साबणापेक्षा हाच खरा कामाचा. काकूंचाही याला विरोध नाही, कारण खोबरेल वाचतं.

आणि त्या बँकेतल्या वहिनी आहेत ना, त्या काचेसारख्या पारदर्शक वड्या वाटत होत्या हळदीकुंकवाला? त्या तयार लादी आणतात, वितळवतात, रंग घालतात आणि साच्यात ओततात. मुलांबरोबर करायला उत्तम, कॉस्टिकचा धोका नाही. पण त्यांनी साबण "केला" असं मी म्हणणार नाही, त्यांनी ओतला. शिवाय त्यात ग्लिसरीन वरून घातलेलं असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. श्रावणात त्या वड्यांना दरदरून घाम फुटला होता, तुम्ही पाहिलात की.

विकायचं? छे, तेच तिच्या डोक्यात शिरलंय. मी म्हटलं, वाटायचा तेवढा वाट, भाऊबिजेला दे, पण पैसे घ्यायचे तर सौंदर्यप्रसाधनं बनवायचा सरकारी परवाना लागतो. अन्न व औषध प्रशासनाकडे जावं लागतं. आणि "खरूज जाते, डाग जातात" असलं काही चिठ्ठीवर लिहिलंस तर मीच तुझी तक्रार करीन. साबण मळ काढतो, औषध नव्हे. मोठ्या कंपन्यांनाही मोजमाप चुकत नाही. वेष्टन कधी वाचलंत? "टॉयलेट सोप" लिहिलेलं असेल तर त्यात साबणाचा स्निग्धांश, टीएफएम म्हणतात तो, पहिल्या प्रतीला किमान 76 टक्के, दुसऱ्या प्रतीला 70, तिसऱ्या प्रतीला 60 असा नेम आहे. "बेदिंग बार" लिहिलं असेल तर तो वेगळाच प्रकार, त्यात स्निग्धांश आणखी कमी चालतो. आज घरी जाऊन बघा, तुमच्या मोरीत काय आहे ते. मी बघितलं आणि आमच्या ह्यांना दुकान बदलायला लावलं.

नाही हो, घरचा साबण स्वस्त पडतो असं मुळीच नाही. खोबरेलाचा भाव बघता दुकानातली वडीच परवडते. पूर्वी साबणात जनावराची चरबी असायची म्हणून कितीतरी घरांत तो शिवतही नसत. अर्देशीर गोदरेज यांनी शंभर वर्षांपूर्वी वनस्पती तेलाचा साबण काढला तेव्हा त्याचं केवढं अप्रूप झालं होतं. आता ती अडचणही राहिली नाही. तरी आपण तोलावं, घुसळावं, दोन महिने वाट पाहावी आणि मग आपल्या हातची वडी अंगाला लावावी, याची हौस वेगळी. ज्याला ती नाही त्यानं खुशाल विकत आणावा.

तर रविवारी सकाळी ती आपल्या मांडवात घाणा घालणार आहे. तुम्ही या. येताना तुमचा तो किराणा तोलायचा छोटा काटा आणा, तिचा ग्रॅमाला फसवतो असा मला संशय आहे. नातवाला मात्र आजोबांकडे ठेवून या. आणि चकलीचं तेल ओतू नका हो, गाळून बरणीत भरून आणा.