आत कुणी ओळखीचं आहे का?

सध्या बाजारात शांततेला चांगला भाव आहे. मनगटावरचं घड्याळ मधूनच थरथरतं आणि सांगतं की जरा श्वास घ्या. मोबाइलमधलं ध्यानाचं अॅप सलग किती दिवस ध्यान झालं याचा हिशेब ठेवतं, आणि एक दिवस चुकला की हप्ता थकल्यासारखं मागे लागतं. समुद्र दिसणाऱ्या खोलीत मौन पाळायचं असेल तर त्याचा दर वेगळा आणि जेवण धरून आणखी वेगळा. ‘हल्ली दोन मिनिटं निवांत बसता येत नाही हो’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत कुठंही म्हणावं, आजूबाजूची चार डोकी हमखास हलतात. अशी मान हलवणारा हा शांतताप्रेमी गृहस्थ एखाद्या शनिवारी सहकुटुंब पंढरपूरला निघतो. गाडी टेंभुर्णी गाठायच्या आत त्याचे फोन सुरू होतात. आधी मेव्हण्याच्या मित्राला, मग आमदारांच्या स्वीय सहायकाला, मग सोलापूरच्या कुणा साडूला. प्रश्न सगळ्यांना एकच: आत कुणी ओळखीचं आहे का?

या प्रश्नाकडे नीट पाहिलं तर आपल्या अख्ख्या आध्यात्मिक तहानेचं निदान त्यात सापडतं. ओळख कशासाठी हवी असते? दर्शनाची बारी चुकवण्यासाठी. आणि बारीत असतं काय? तास-दोन तास, गर्दी असली तर पाच-सहा तास, काहीही उपयोगाचं न करता उभं राहणं. तिथं बैठक लावता येत नाही, मेल धाडता येत नाही, मोबाइलची बॅटरी केव्हाच मान टाकते. पत्र्याच्या शेडखाली लोखंडी कठड्याला टेकून माणूस उभा असतो, पायाखाली कुणाच्या तरी बाटलीतलं सांडलेलं पाणी असतं, पुढची बाई पदराला हात पुसून पिशवीतली दशमी सोडते आणि ओळखदेख नसताना अर्धी पुढे करते. मागचा म्हातारा गाव विचारतो, मग पीकपाणी विचारतो, मग काही विचारायचं उरत नाही म्हणून गप्प उभा राहतो. हे गप्प उभं राहणं म्हणजेच ती गोष्ट, जी आपला गृहस्थ वर्षाची वर्गणी भरून अॅपवर शोधतो. इथं ती फुकट मिळते, म्हणून ती टाळण्यासाठी तो आमदाराचं पत्र आणतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आम्ही नोकरदार माणसं, वेळ कुठाय? आक्षेप अगदीच खोटा नाही, पण पंढरपुरात तरी तो काढू नये. त्या गावाची जन्मकथाच एका कामात गढलेल्या माणसाची आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, दारात देव आला, आणि पुंडलिकानं हातातलं काम न सोडता एक वीट सरकवून ‘थांबा जरा’ असं सांगितलं. परंपरेच्या हिशेबानं त्याला अठ्ठावीस युगं झाली, देव अजून कमरेवर हात ठेवून तिथंच थांबला आहे. थोडक्यात, पंढरपुरातली पहिली रांग देवानं लावली. तीही एकट्यानं आणि कुणाचं पत्र न आणता. तेव्हा काम आणि भक्ती यांचं वैर आहे, हे निदान वारकऱ्यांना कुणी शिकवू नये. सावता माळ्यानं अरणचा मळा सोडला नाही, गोरोबांनी तेरमध्ये चिखल तुडवणं सोडलं नाही, सेना महाराजांनी हजामतीची धोकटी खाली ठेवली नाही. या लोकांना आपल्याएवढंच काम होतं, कदाचित जास्तच होतं, कारण रविवारची सुटी ही सोय तेव्हा निघालेली नव्हती. पण त्यांनी विठोबाला कधी ‘सकाळी अकरा ते सव्वाअकरा’ अशी वेळ दिल्याचं ऐकिवात नाही. आणि खरंच वेळ नसेल तर दर्शन राहू द्यावं. मळ्यातून न हललेल्या सावतोबांना भेटायला खुद्द देवच अरणला गेला, अशी कथा आहे. घाईतल्या माणसाला याहून सोयीचं दैवत सापडायचं नाही.

वाचवलेल्या वेळाचाही हिशेब कुणी मांडत नाही. ओळखीतून मिळालेल्या पासानं चार तास वाचले, ठीक. त्यांचं पुढं होतं काय? आठवड्याची धावपळ बघता ते आत्मचिंतनात जात असतील असं मानायला फारसा आधार मिळत नाही. महामार्गावरच्या धाब्यावर शेंगोळ्याची ऑर्डर यायला पाऊण तास लागतो, तेव्हा हाच माणूस शांतपणे थांबतो. घरी लवकर पोचून तो दर्शनाचे फोटो गटावर टाकतो आणि कुणी अंगठा दिला, कुणी हात जोडले, हे रात्री साडेअकरापर्यंत तपासतो. चार तास त्याच्याकडे होते, ते बारीत घालवायचे नव्हते इतकंच. बारीत आपण कुणीच नसतो. मागेपुढे सगळे एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, आणि ज्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर तीन ओळींचा हुद्दा असतो त्यांना हे संबोधन जरा तोकडं पडतं.

आता याउलट पालखीबरोबर आलेल्यांकडे बघा. आळंदीहून पंढरपूर म्हणजे सुमारे 250 किलोमीटर, वाटेत पाऊस, दिवेघाट, माळशिरसचं ऊन आणि जवळपास तीन आठवडे तंबूतली झोप. एवढं चालून आल्यावर ज्याला खरोखर हक्क सांगता येईल असा हा माणूस आषाढीला काय करतो? चंद्रभागेत स्नान करतो, प्रदक्षिणा घालतो, आत शिरणं जमलं नाही तर कळसाला हात जोडतो, नामदेव पायरीवर डोकं ठेवतो आणि परतीची एसटी पकडतो. कळसाचं दर्शन घेऊन माघारी फिरणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि आपली वारी अपुरी राहिली असं त्यांतलं कुणी म्हणत नाही. पायांवरच डोकं टेकवलं पाहिजे, तेही आज, तेही दुपारच्या जेवणाआधी, हा हट्ट वातानुकूलित गाडीतून उतरलेल्यांचा. बरं, पायांशी मिळतात ते सेकंद तरी किती? कपाळ टेकतं न टेकतं तोच मानेवर सेवेकऱ्याचा हात पडतो आणि ‘चला माउली, पुढं चला’ ऐकू येतं. पासवाला असो की बिनपासाचा, हात तोच. बारीत उभ्या राहिलेल्या माणसाला ते चार सेकंद पुरतात, कारण त्याचं बरंचसं दर्शन बाहेरच होऊन गेलेलं असतं. पासवाल्याकडे फक्त ते चार सेकंदच असतात. त्यांतले दोन पाकीट आणि चष्मा सांभाळण्यात जातात.

दुसरा आक्षेप जड आहे आणि त्याला हसून चालणार नाही. म्हाताऱ्यांनी काय करायचं? गुडघे गेलेल्यांनी, पोटुशींनी, कडेवर तापलेलं पोर असलेल्यांनी? रांगेचं गुणगान गाणं हे धडधाकट माणसाचं चोचलं नाही का? शिवाय रांगा जीव घेतात, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 25 जानेवारी 2005 ला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे माणसं गेली. तेव्हा अरुंद वाट, पाणी नाही, स्वच्छतागृह नाही अशा बारीला कुणी तपश्चर्या म्हणत असेल तर तो प्रशासनाचा वकील समजावा. सावली, पाणी, बसायला बाकडी, वेळ आधी सांगणारं टोकन हे सगळं भाविकांना मिळायलाच हवं, आणि अपंगांना, वृद्धांना पुढं काढायला कुणाचीही हरकत नसते. बारीतली माणसं स्वतःहून अशांना वाट देतात. पण पासांच्या यादीत गुडघे गेलेले किती आणि गुडघे शाबूत असलेले किती, हे एकदा कुणीतरी मोजावं. ओळखीला वय नसतं आणि संधिवातही नसतो. मुख्य म्हणजे पासानं रांग कमी होत नाही. पाय दोनच आहेत, गाभारा एकच आहे. मधून घुसलेल्या प्रत्येक कुटुंबामागं बाहेरच्या म्हाताऱ्याचा थांबण्याचा वेळ तेवढा वाढतो. म्हणजे ज्याचं नाव पुढं करून पास मागितला जातो, भुर्दंडही त्यालाच बसतो.

तिसरा आक्षेप हिशेबी लोकांचा: सरळ पैसे लावा, देवस्थानाला उत्पन्न, भाविकाला सोय, दलालांना सुट्टी. यात तथ्य आहे. चोरून वशिला लावण्यापेक्षा फलकावर लिहिलेला दर बरा, आणि तिरुमलैला 300 रुपयांचं विशेष प्रवेशाचं तिकीट, श्रीवाणी न्यासाला 10,000 रुपये दिले की त्याहून सोयीचं दर्शन, असा रोखठोक व्यवहार चालतो. सर्वोच्च न्यायालयापुढेही 2025 च्या जानेवारीअखेर व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका आली होती. अशी खास वागणूक नसावी असं वाटत असलं तरी आदेश देण्याचं हे प्रकरण नाही, हा प्रश्न समाजानं आणि देवस्थानांनी सोडवावा, असा न्यायालयाचा सूर होता. चेंडू आपल्या अंगणात आला आणि आपण तो ओळखीच्या माणसाकडे टोलवला. दरपत्रकानं वशिला प्रामाणिक होतो हे मान्य. पण त्यानं भक्ती होते का, हा प्रश्न दरपत्रकात बसत नाही. जे विकत घेतलं जातं ते दर्शन नव्हे, दुसऱ्यांच्या पुढं असणं विकत घेतलं जातं. ते हवं असेल तर त्याला नाट्यगृहातली पहिली रांग आहे, विमानातला पुढचा वर्ग आहे, तिथं कुणी नावं ठेवणार नाही.

शांततेला खरोखर गिऱ्हाईक आहे आणि तिची खरी किंमत काय, हे बघायला इगतपुरीपर्यंत जावं. धम्मगिरीला 1976 पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवस, पहाटे चारची घंटा, मोबाइल पहिल्याच दिवशी जमा, आणि फी शून्य. राहणं-जेवण आधीच्या साधकांच्या दानातून. नव्या माणसाला ‘मला तीन दिवसांत उरका’ म्हणायची सोय नाही, मग तो कारकून असो की कंपनीचा मालक. तरी तिथली शिबिरं भरतात. म्हणजे वेळ काढता येतो आणि थांबताही येतं. फरक एवढाच की इगतपुरीला थांबून आल्याचं कचेरीत सांगता येतं, पंढरपूरच्या बारीत थांबलो म्हटलं तर लोक विचारतात, ‘अरेच्चा, तुमची तिथं ओळख नाही?’

बारीतला प्रत्येक माणूस साधक असतो असा दावा इथं नाही. तिथं धक्काबुक्की होते, जागेवरून भांडणं जुंपतात, एखादा मोठ्यानं रील बघत असतो आणि त्याच्या शेजारचा हरिपाठ म्हणत असतो. पण त्या रांगेत उभं राहता यावं म्हणून महाराष्ट्रात एक झगडा झाला आहे, याची पासवाल्यांना कुणीतरी आठवण द्यायला हवी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी नामदेव पायरीसमोर बाहेर आहे, आत नाही. दलितांना त्या मंदिरात जाता यावं म्हणून साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा दार उघडलं. पुढं बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे परंपरागत हक्क संपवणारा कायदा 1973 साली झाला आणि त्यावरची कोर्टबाजी मिटायला 2014 उजाडलं. देव आणि माणूस यांच्यामधला मधला माणूस हटवायला एवढी वर्षं गेली, आणि आपण टेंभुर्णीहून फोन करून त्याला पुन्हा कामावर घेतो.

गंमत म्हणजे सरकारला बारीची किंमत कळते, निदान वर्षातून एकदा. आषाढीच्या पहाटे मुख्यमंत्र्यांच्या महापूजेला शेजारी बसायचा मान दर्शनरांगेतल्या वारकरी दांपत्याला मिळतो. त्या क्षणी आत कुणाचा मेव्हणा आहे हे कुणी विचारत नाही. जे उभे राहिले, त्यांना पाट मिळतो. 2020 साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, रांग नव्हती, तेव्हा मानाचा वारकरी आणायचा कुठून असा पेच पडला. तो मान मंदिरात वीणा घेऊन पहारा देणाऱ्या विणेकऱ्याच्या पदरात पडला. रांग नसली तर निदान उभं राहणारा माणूस शोधावा, एवढं सरकारी यंत्रणेलाही सुचलं. मानाच्या दांपत्याला वर्षभर मोफत प्रवासाचा एसटीचा पासही देतात. पंढरपुरात रांगेत उभं राहून मिळणारा पास हा एवढाच, आणि स्वतःच्या गाडीनं आलेल्यांना तो कुणाच्या ओळखीनंही नको असतो.