गरममुठे

पुण्यात कडाक्याची थंडी म्हणजे पारा आठ-नऊ अंशांवर, आणि तोही जानेवारीतल्या चार पहाटे. अशा गावात मोटरसायकलच्या हँडलला तापणाऱ्या ग्रिप बसवून घेणारी माणसं राहतात, हे बाहेरगावच्या पाहुण्याला पटत नाही. पण प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ निघतोच. त्यांचं खरं आडनाव काहीही असो, आपण त्यांना गरममुठे म्हणू.

गरममुठे साधारण पंचेचाळिशीचे. नोकरी बँकेत किंवा आयटीत, रायडिंग जॅकेटची चेन गेल्या दिवाळीपासून लागत नाही. जुलैत लडाखला जायचंय, म्हणून मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी ते पार्किंगमध्ये चटई टाकून बसतात. खारदुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं, तरी खरी उंची 17,582 फुटांच्या आसपास आहे, हे त्यांचं वॉचमनलाही सांगून झालेलं असतं. 2020 साली अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांग न चढताच मनालीहून पुढे जाता येऊ लागलं, याचं त्यांना घरगुती दुःख आहे.

खरं तर ग्रिप बसवायचं हे काम मेकॅनिकनेही केलं असतं. ‘साहेब, सोडून जा गाडी, संध्याकाळी घेऊन जा,’ असं तो म्हणालाही होता. तिथेच बिनसलं. मेकॅनिक दोन वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळतो, आणि गरममुठ्यांच्या घटनेत ही शिक्षापात्र गोष्ट आहे. मग विजेच्या सामानासाठी तपकीर गल्लीच्या तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत रिले आणि फ्यूज होल्डर, दुसऱ्या फेरीत थिंबल, आणि तिसऱ्या फेरीत पुन्हा थिंबलच, कारण आधीची वायरीच्या मापाची नव्हती.

जुन्या ग्रिपला ब्लेडने उभी चीर दिली की ती सुटते. खरी मजा नवीन बसवताना. डावी ग्रिप सरळ हँडलच्या 22 मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर चढते, उजवी रेसच्या प्लास्टिकच्या नळीवर. त्यामुळे उजवीचं भोक मोठं असतं. शिवाय धातूचा दांडा उष्णता पिऊन टाकतो, प्लास्टिक तेवढी पीत नाही, म्हणून डावी तापायला रडते. नळीवरच्या उंचवट्यांना कानस मारावी लागते. ती मारताना गरममुठ्यांचा चेहरा मूर्ती घडवणाऱ्याचा होतो.

उजव्या ग्रिपची वायर हा मात्र थट्टेचा विषय नव्हे. रेस पिळली की ग्रिप फिरते आणि वायरही तिच्याबरोबर जाते. फार ढिली ठेवली तर ब्रेकच्या लिव्हरमध्ये घुसते, ताणून बांधली तर सोडलेली रेस परत येत नाही, आणि ती न येण्याचा अनुभव घाटातल्या वळणावर येणं बरं नाही. म्हणून गरममुठे हँडल पूर्ण डावीकडे वळवतात, रेस पिळतात, सोडतात, कान देऊन ऐकतात. टक्. मग पूर्ण उजवीकडे. टक् आला नाही! केबल टाय कापा, वायर बोटभर सैल करा, पुन्हा पहिल्यापासून. इतका वेळ त्यांनी कधी मुलाच्या पालकसभेत काढलेला नाही.

मुलाची इयत्ता विचारली तर ते क्षणभर अडखळतात, रिलेचे आकडे मात्र मुखोद्गत: 30 ला बॅटरीकडून फ्यूजमार्गे प्लस, 87 वरून ग्रिपला, 85 अर्थिंगला, 86 टेललाइटच्या वायरीला. म्हणजे किल्ली बंद, की ग्रिपही बंद. या खटाटोपाला कारण आहे. दोन्ही ग्रिप मिळून चारेक अँपिअर ओढतात, बारा व्होल्टने गुणलं की 48 वॅट, जवळजवळ हेडलाइटचा बल्ब. आठ अँपिअर-अवरची बॅटरी आणि चालू राहिलेल्या ग्रिप, तर दोन तासांत गाडीचा ठोकळा. ‘आणि फ्यूज बॅटरीला चिकटूनच हवा. लांब लावला तर मधली वायर कोण वाचवणार?’ हे ते कुत्रा फिरवायला निघालेल्या बाईंना विचारतात. कुत्रा थांबतो, बाई थांबत नाहीत.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा सापडतात. ‘धरून बघा, आजोबा.’ आजोबा मूठ धरतात आणि चटकन सोडतात.

‘बाप रे! चांगलीच तापलीय की.’

गरममुठे कृतार्थ होतात. मग त्यांचं लक्ष स्विचकडे जातं. तो बंद असतो. गाडी दोन तास उन्हात उभी होती. सीटही तेवढीच तापलेली असते.

लडाखच्या गटात एक मित्र असतो, तो ग्लोव्हजवर भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवतो आणि सुखाने फिरतो. त्याचा विषय गरममुठे टाळतात. ग्रिप तळहात शेकते, वारा मात्र बोटांच्या पाठीवर लागतो, हे त्यांनाही ठाऊक असतं. त्यासाठी हँडगार्डची ऑर्डर गेलेली आहे.

संध्याकाळी ते हत्यारं आवरत असताना बायको चहा घेऊन खाली येते. लडाखला तीही जाणार आहे, मागच्या सीटवर. ती स्विच दाबून बघते, ग्रिपला हात लावते, मान डोलावते.

‘छान झालंय हो. आणि माझे हात?’

गरममुठे कप तसाच धरून मागच्या कॅरियरच्या दांड्याकडे बघत राहतात. ओठ हलतात, काहीतरी चाराने गुणलं जातं.

‘त्याला वेगळा रिले लागेल,’ म्हणत ते गुंडाळलेली चटई पुन्हा पसरतात.