गडचिरोलीची चेअरलिफ्ट

विदर्भात पर्यटन वाढवायचं म्हटलं की पुढाऱ्यांना आधी काच आठवते. चिखलदऱ्याला गोराघाट पॉइंट ते हरिकेन पॉइंट असा 407 मीटरचा काचेचा स्कायवॉक सिडकोनं मनावर घेतला. स्वित्झर्लंडचा 397 मीटर, चीनचा 360, म्हणजे आपला जगात पहिला, अशा बातम्या झळकल्या. त्याच स्वित्झर्लंडमध्ये रांडा इथे 2017 पासून 494 मीटरचा झुलता पूल उभा आहे, पण हे सांगून विरस कोण करणार? 2022 मध्ये चेक प्रजासत्ताकानं 721 मीटरचा खुला केला. इकडे चिखलदऱ्याचं काम वन्यजीवांच्या परवानग्यांत अडकलं. मेळघाटच्या वाघाला विचारायचं राहून गेलं होतं.

चंद्रपूर-गडचिरोलीकरांनी मात्र हेवा करू नये. ताडोबाला जिप्सी आहे, मार्कंड्याला वैनगंगा आहे. राहिला थरार, तो भामरागड तालुक्यात बिनतिकीट मिळतो.

चेअरलिफ्टचंच घ्या. रायगडाला 1996 पासून रोपवे आहे. तिथे तिकीट काढा, रांगेत उभे राहा, मग बंद डब्यातून वर जा. 2024 च्या जुलैत भामरागड तालुक्यातल्या कुडकेलीजवळ असली कटकट नव्हती. रस्त्याचं काम चालू, नाल्याला पूर, आणि पलीकडे दवाखान्यात पोचायची घाई असलेली गर्भवती. कामावरच्या जेसीबीच्या बकेटमध्ये तिला बसवलं आणि नाला पार करवला. आसन लोखंडी, खाली गढूळ पाणी. छायाचित्र राज्यभर फिरलं. एवढी जाहिरात पर्यटन महामंडळाला पैसे मोजूनही जमली नसती! जेसीबी नसेल तिथे खाट असते आणि ती उचलायला चार खांदे.

झुलता पूलही आहे. पाऊस ओसरला की आतल्या गावांतले लोक जंगलातून बल्ल्या आणि बांबू आणतात, नाल्यात खुंट रोवतात, आडव्या बल्ल्या टाकतात, वर बांबू अंथरून बांधून काढतात. माणूस चालला की पूल हलतो, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. निविदा नाही, कोनशिला नाही, फीत कापायला कुणी येत नाही. पुढच्या पावसाळ्यात पूल वाहून जातो आणि गाव पुन्हा बांधायला घेतं. दरवर्षी नवाकोरा पूल वापरणारी माणसं मुंबईतही सापडायची नाहीत.

खुद्द भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम अशा तीन नद्यांचा संगम आहे. पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल पाण्याखाली गेला की ‘संपर्क तुटला’ ही बातमी येते. ती इतक्या पावसाळ्यांत इतक्या वेळा छापून झाली आहे की वार्ताहरानं फक्त तारीख बदलावी. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो प्रशासन लोकांच्या जवळ यावं म्हणून. जवळ आलं असेलही. मधे नाला असतो एवढंच.

नेपाळची हौस वेगळी. तिथल्या डोंगराळ भागात पोलादी दोरांवरचे हजारो झुलते पूल आहेत आणि त्यांवरून पोरं शाळेत जातात, बाया बाजाराला जातात. 2020 मध्ये खुला झालेला बागलुंग-पर्वतचा पूल 567 मीटरचा आहे. पर्यटक तिथेही जातात, पण गावकऱ्यांच्या मागून.

पोलाद मिळत नाही म्हणावं तर तेही नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज भरलेले ट्रक बाहेर जातात. लोखंड जिल्ह्याबाहेर आणि बांबू जिल्ह्यात, अशी ही वाटणी आहे. ट्रकला पूल लागतो आणि तो मिळतो, कारण ट्रकचं वजन जास्त.

उद्या कुणी इथेही काचेच्या पुलाची घोषणा केली, तर भामरागडकर विरोध करणार नाहीत. त्यांची अट एकच असेल: पुलाचं दुसरं टोक दवाखान्याच्या बाजूला उतरावं.

तोवर हौशी पर्यटकांनी पावसाळ्यात यायचं ठरवलं, तर आल्लापल्लीला थांबून पर्लकोटेला पाणी किती आहे ते विचारावं आणि मगच पुढे निघावं.