घडीभर

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "यापुढे मान खाली घालून काहीही करायचं नाही."

हे वाक्य कुणी मला माझ्या लग्नाच्या सुमाराला लिहून दिलं असतं, तर मी ते फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावलं असतं. आईने मान खाली घालून चालायला शिकवलं, सासूबाईंनी मान खाली घालून वाढायला आणि बँकेने चौतीस वर्षं मान खाली घालून व्हाउचरं तपासायला लावली. आता मानेतल्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती या सगळ्याची व्याजासकट वसुली करते आहे. कळ मानेतून सुटते, खांद्याला थांबते आणि उजव्या अंगठ्याला शेवटचं स्टेशन घेते. मी डोंबिवलीची असल्यामुळे गाडीला वेळापत्रक नसणं समजू शकते. पण तीन वर्षांत ही गाडी एकदाही रद्द होऊ नये?

फिजिओथेरपीवाली मुलगी गोड आहे. रोज विचारते, "काकू, शून्य ते दहामध्ये आज किती दुखतंय?" मी सांगते, "सहा पूर्णांक पंचाहत्तर." ती म्हणते, "सात लिहू?" आता, जिने जन्मभर पंचवीस पैशांच्या फरकापायी रात्री आठपर्यंत बँकेत बसून काढलं, तिला हे कसं पटणार? मी तिला पावणेसात लिहायला लावते.

हे दुखणं सुरू झालं त्याच वर्षी मी निवृत्त झाले, मुलगा-सून नातवाला घेऊन बेंगळुरूला गेले आणि आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. घराची घडी विस्कटली म्हणतात ना, ती आमची अक्षरशः विस्कटली आणि बेचाळीस खोक्यांत भरली गेली. आवराआवरीत माळ्यावर मुलाची शाळेतली कार्यानुभवाची वही सापडली. तिच्यात शिडाची होडी, शर्ट, कॅमेरा असं काय काय चिकटवलेलं होतं. सगळं मीच केलेलं. गुण मात्र त्याला मिळाले होते, दहापैकी सहा. हा अन्याय इतक्या वर्षांनी धुऊन काढायचं मी ठरवलं आणि घोटीव कागदाचं पाकीट विकत आणलं. भाड्याच्या घरात आधी गॅसची जोडणी आली की माझी ओरिगामी, याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही.

प्रश्न मानेचा होता. तो ह्यांच्या ज्ञानेश्वरीच्या ठवणीने सोडवला. दोन खोक्यांवर ठवणी, ठवणीवर पोळपाट आणि पोळपाटावर कागद. मी समोर गळपट्टा लावून ताठ बसते. लांबून पाहणाऱ्याला बाई पारायणाला बसली आहे असं वाटतं. शेजारच्या काकूंनी एकदा बाहेरूनच नमस्कार केला. मी तो स्वीकारला.

ओरिगामीच्या पुस्तकांत असतात त्या तुटक रेषा आणि बाण अकिरा योशिझावा या जपानी गृहस्थाने रूढ केले. साध्या तुटक रेषेवर कागद आत दुमडायचा, ती दरी-घडी. रेघ-टिंब असेल तिथे मागे, ती डोंगर-घडी. नेमके तसलेच बाण आणि तुटक रेषा फिजिओच्या व्यायामाच्या कागदावरही असतात. एका रात्री गोळी घेतल्यावर मी दहा मिनिटं मानेची डोंगर-घडी करत होते आणि माझा बगळा काही केल्या होईना.

ह्यांचा मुद्दा असा, की ज्या अंगठ्याला मुंग्या येतात त्याच अंगठ्याच्या नखाने घड्या कशाला दाबायच्या? मुद्दा बिनतोड आहे, म्हणून मी त्याला उत्तर दिलेलं नाही. मी त्यांना मातीसची गोष्ट सांगितली. 1941 मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झाल्यावर हा फ्रेंच चित्रकार बराचसा अंथरुणाला आणि चाकाच्या खुर्चीला खिळला. मग त्याने कात्री उचलली आणि रंगवलेले कागद कापून कापून म्हातारपणी नवीनच संसार मांडला. हे म्हणाले, "कागद कोण रंगवत होतं?" मी म्हटलं, "मदतनीस." तेव्हापासून मातीसचा विषय काढला की ह्यांना गिरणीतून दळण आणायची आठवण होते. लेखक अनिल अवचटांची गोष्ट सांगणं मग मी सोडूनच दिलं. ते गप्पा मारता मारता हातातल्या कागदाचं काहीतरी करत. आमच्याकडे गप्पा मारता मारता हे पेपर वाचतात, आणि तो कागद मला मिळायला दुपार उजाडते.

घोटीव कागद महाग पडायला लागले तशी मी घरातल्या कागदांवर घसरले. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद आणि 297 लांब. चौकोन काढला की खाली बरोब्बर 87 मिलिमीटरची पट्टी उरते. बँकेचं रक्त असल्याने पट्टी फेकवत नाही. तिच्या पाठीवर मी वाणसामानाची यादी लिहिते.

परवा रात्री गाडी शेवटच्या स्टेशनात येऊन उभीच राहिली. साडेसात. झोप नाही. संध्याकाळी नातवाने व्हिडिओ कॉलवर फर्मान सोडलं होतं, "आजी, उडी मारणारा बेडूक." अंधारात उशाशी हाताला कागद लागला. चांगला जाड, गुळगुळीत, एका बाजूने कोरा. बेडूक असा झाला, की मागून दाबल्यावर खोक्यावरून थेट ह्यांच्या चष्म्याच्या घरावर. त्या अर्ध्या तासात किती दुखत होतं हे कुणी विचारलं असतं तर मला आकडा सांगता आला नसता. सकाळी ठरल्याप्रमाणे यादी लिहिली आणि ह्यांना वाण्याकडे पिटाळलं.

दुपारी डॉक्टरांनी एमआरआयचा रिपोर्ट मागितला. मी फाईल उघडली, मिटली, पर्स उघडली आणि बेडूक टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी तो शांतपणे उलगडला. जिथे-तिथे घड्या, पाचवा मणका बेडकाच्या पोटात आणि सहावा मागच्या पायात. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, फिरवला.

"बाई, निष्कर्ष तळाशी असतो. तो कुठाय?"

"वाण्याकडे," मी म्हटलं. "पाठीमागे अर्धा किलो तूरडाळ आहे."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"परत करून दाखवा. हळू. आणि मान वर."