नुसतं फिरतंय

"साईट उघडंना. नुसतं फिरतंय," असा फोन आला की आमच्या अकलूजचा साईटवाला एकच प्रश्न विचारतो, "मालक, परवा काय लावलं?"

"कुठं काय? काहीच न्हाय."

हे ऐकलं की त्याचा चेहरा उजळतो. 'काहीच न्हाय' म्हणजे निदान तीन गोष्टी, हा त्याचा पक्का हिशोब. मालक खोटं बोलत नसतो. दिवाळीला साईटवर फटाके उडवणारं प्लगइन बसवलं, भाच्यानं हवामानाचा चौकोन टाकला, कुणीतरी 'आपण अमुकावे पाहुणे' असा आकडा लावून दिला. ह्यातलं काहीच मालकाच्या लेखी 'काय' नसतं.

हा साईटवाला प्राणी तिशीच्या आतबाहेरचा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप पाठीला मारून हिंजवडीहून जी पोरं गावाकडं आली, त्यांतली बरीच परत गेली; हा राहिला. २०२१ साली अकलूज ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, आणि गावातल्या प्रत्येक दुकानाला आपलीही बढती झाल्यासारखं वाटून वेबसाइट काढायची हुक्की आली, असा त्याचा सिद्धान्त आहे. मला तो पटत नाही. पण त्याला गिऱ्हाईक मिळालं, एवढं खरं. गाळ्यावरच्या पाटीवर पॅनकार्ड, सातबारा, लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि सर्वांत खाली, रंग संपत आल्यावर लिहिल्यासारखं, 'वेबसाइट'. त्याची स्वतःची मात्र नाही. विचारलं तर म्हणतो, "कोण बघणार?"

असले लोक आता इंदापुरात, बार्शीत, फलटणला सगळीकडे आहेत. ओळखायची खूण म्हणजे त्यांना सेकंद दिसतात. चहा सांगितल्यापासून टेबलावर येईपर्यंत हा बोटं मोजतो. दहा सेकंदांच्या पुढं उत्तर नाही आलं तर माणसाचं लक्ष उडतं, असं जेकब नील्सन ह्या संगणक वापराच्या अभ्यासकानं १९९३ साली लिहून ठेवलंय. आमच्या माणसानं ते हॉटेलवाल्याला ऐकवलं. हॉटेलवाला म्हणाला, "त्येला म्हणावं, दूध तापायचंय."

आबांच्या साईटची गोष्ट सांगितली म्हणजे बाकीच्या सांगायला नकोत. आबांची उसाची रोपवाटिका. को ८६०३२, म्हणजे आपल्याकडं ज्याला 'नीरा' म्हणतात तो वाण, आणि २६५ हा दुसरा. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टात, तेव्हा रोपांच्या चौकशा जूनपासूनच सुरू. नेमक्या त्याच दिवसांत साईट फिरायला लागली.

साईटवाला पोचेपर्यंत निदानं तयार होती. पुण्याच्या जावयाचं म्हणणं होस्टिंग बदला. पुतण्याचं म्हणणं व्हायरस. शेजारच्या खतवाल्याचं म्हणणं रेंजच गेलीय. आबांचं म्हणणं, "माझ्या मोबाइलवर तर चटकन उघडतीय, मग लोकांचंच मोबाइल बाद असतील."

"आबा, तुम्ही रोज बघता, तुमच्या मोबाइलात ती साठून राहिलीय. गिऱ्हाईक पहिल्यांदा येतंय," असं म्हणून त्यानं इनकॉग्निटो खिडकी उघडली. आबांनी दार लोटून घेतलं. ती खिडकी कशासाठी वापरतात, हे पुतण्यानं त्यांना कधीतरी सांगितलं होतं.

मग त्यानं लॅपटॉपवर एफ-बारा दाबलं. कुठली फाईल कधी निघाली आणि कधी पोचली, ह्याच्या रंगीत पट्ट्यांचा जिना पडद्यावर उतरायला लागला. सर्व्हर अमेरिकेत. माळीनगरच्या शेतकऱ्यानं विचारलेला रोपाचा दर समुद्र ओलांडून जाणार नि येणार. एका खेपेला पाव सेकंद धरा, आणि पान सुरू व्हायच्या आधीच अशा चार-पाच खेपा. मुंबईतला सर्व्हर घेतला की ते मिटतं. पण आबांचं पान सोळा सेकंद घेत होतं, आणि समुद्राचा वाटा त्यात दीड.

"मग बाकीचं?"

"आबा, ऊस कारखान्याच्या यार्डात पोचायला किती वेळ लागतो? आणि गव्हाणीत पडायला?"

आबा एकदम सावरून बसले. ह्या विषयात त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढं त्यानं सांगितलं ते असं: पानाचा सांगाडा लवकर येतो, पण त्याच्यामागं फोटो, फॉन्ट, नकाशे ह्यांच्या गाड्या रांगेत उभ्या. सर्व्हर जुन्या पद्धतीचा असला तर ब्राउझर एका वेळी त्याच्याकडं सहाच जोडण्या उघडतो. सहा आत, बाकीच्या बाहेर. म्हणजे पुढं सहा डबल ट्रॉल्या लागल्या तर मागच्या बैलगाडीनं काय करायचं?

"पुढं कोण हाय?" आबांनी विचारलं.

पुढं हलगी होती. साईट उघडताच हलगी कडाडावी, ही आबांची हौस. लावणी स्पर्धेचं गाव आहे, दुसरं काय सुचणार? पण पाहुण्यानं पडद्याला हात लावायच्या आधी आवाज वाजवणं क्रोमनं २०१८ पासून बंद केलंय. त्यामुळं चार एमबीची हलगी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोबाइलात इमानेइतबारे उतरत होती आणि एकाही गिऱ्हाइकाला ऐकू येत नव्हती. हलगीमागं यूट्यूबची चौकट, तीही कुणी प्ले दाबायच्या आधीच आपला संसार मांडून बसलेली. मग चार मराठी फॉन्ट. जोडाक्षरांमुळं आपला फॉन्ट इंग्रजीपेक्षा अंगानं भरलेला असतो. एकानं भागतं तिथं आबांचे चार.

आणि मग सरकते फोटो.

सोळातले दहा सेकंद इथं गेले होते. मोबाइलवरून काढलेले बारा मेगापिक्सेलचे फोटो, जसेच्या तसे, एकेक पाच-सहा एमबीचा. कुठल्या ना कुठल्या नेत्याच्या हस्ते आबा शाल घेताहेत. पान उघडल्यावर दिसत होते चार. जिन्यात मात्र अकरा. साईटवाल्यानं आबांकडं पाहिलं. आबांनी छताकडं पाहिलं.

झालं होतं असं की दर निवडणुकीनंतर फोटोंचा क्रम बदलायचा. जे पडले त्यांचा फोटो काढून टाकायला आबा तयार नसत, कारण पाच वर्षांनी कोण कुठं असेल सांगता येत नाही. म्हणून तो नुसता लपवायचा. आणि वेबपानावर नुसता लपवलेला फोटो दिसत नसला तरी उतरतोच. आबांची रोपं बघायला आलेल्या शेतकऱ्याच्या डेटा पॅकमधून माजी सात जण गुपचूप येत होते. महाराष्ट्राच्या राजकारणावर इतकं नेमकं भाष्य मी अग्रलेखातही वाचलेलं नाही.

साईटवाल्याची खरी विद्या इथं लागते. फोटो वेबपी नावाच्या प्रकारात आवळायला दहा मिनिटं पुरतात. पाच एमबीचा शंभर केबी होतो, आणि हातातल्या पडद्यावर डोळ्यांना फरक कळत नाही. फरक आबांना कळला. त्यांनी आकडे दोनदा वाचले.

"मग उरलेलं कुठं गेलं?"

"गेलं नाही आबा, नको होतं ते काढलं."

"असंच म्हणत्यात काट्यावर बी."

आयुष्यभर ऊस घालणाऱ्या माणसाला वजनातली घट समजावणं सोपं नाही. त्यात फोटो नेत्यांचे. कुणाचा किती आवळला, ह्याची चर्चा उद्या चौकात होणार. शेवटी सगळ्यांना सारख्याच मापाचं करून त्यानं तो प्रश्न सोडवला, आणि आजी-माजी अकराच्या अकरा जणांना 'आमचे मार्गदर्शक' अशा स्वतंत्र पानावर बसवलं. तिथं कुणी जात नाही. खाली सरकल्याशिवाय फोटो उतरणार नाहीत, अशीही तजवीज केली.

"म्हणजे बोलावल्याशिवाय येणार न्हाईत?"

"नाही."

"हे बरं केलंस."

गूगलच्या तपासणीत साईटला आधी शंभरपैकी तेवीस गुण होते. "पस्तीसला पास करा की," आबा म्हणाले होते. तिथं एकोणपन्नासपर्यंत लालच. आता एक्क्याण्णव आले, हिरवे. आबांनी पडदा नातीला दाखवला आणि तिच्या परीक्षेची चौकशी केली.

दोन दिवसांनी पुन्हा फोन, फिरतंय म्हणून. साईटवाला जागचा हलला नाही. तुकोबांची पालखी अकलूजला होती, माने विद्यालयाच्या मैदानावर रिंगण. लाखाच्या गर्दीत प्रत्येकाच्या हातात मोबाइल, मग टॉवर काय करणार? "पालखी पुढं सरकली की आपोआप बरी होईल," म्हणाला आणि स्वतः रिंगणाला निघून गेला. कुठल्या दुखण्याला हात लावायचा नाही हे ज्याला कळतं, त्याला मी कारागीर म्हणतो. दुसऱ्या दिवशी साईट बरी झाली. श्रेय खतवाल्यानं घेतलं.

पैशांचं मात्र अडलं. आबांनी साईट वरपासून खालपर्यंत पाहिली. हलगी नाही, फटाके नाहीत, आकडा नाही, सरकते फोटो नाहीत.

"लावायचं पैसं असत्यात पोरा. काढायचं कसलं?"

हा प्रश्न त्याला नवा नव्हता. आबांसमोरच त्यानं दोन मिनिटांत व्हॉट्सॲपचं बटण दुप्पट मोठं केलं आणि बिल लिहिलं: 'नवीन मोठे बटण बसवणे.' खाली पूर्ण रक्कम.

आबांनी बटण दाबून एक निरोप पाठवून बघितला. खिशातला फोन लगेच वाजला. घासाघीस न करता पैसे मोजून दिले आणि म्हणाले, "डाव्या अंगाला बी एक बसव."