उकडून भाजलेली कडबोळी

दिवाळीच्या आठवड्यात बेकरीच्या भट्टीपुढे एखादा पुरुष पत्र्याचा डबा धरून रांगेत उभा दिसला, की बायका दोनच निष्कर्ष काढतात. याची बायको आजारी असेल, नाहीतर हा नुकता रिटायर झाला असेल. माझी बायको ठणठणीत होती.

भट्टीची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मैदा, पिठीसाखर आणि डालडा (ऐपत असेल तर तूप) आपण न्यायचं, किलोमागे मजुरी मोजायची आणि नानकटाईचा डबा घरी आणायचा. माझ्या डब्यात मात्र पिठीसाखर नव्हती. डब्यात इटली होती.

झालं असं, की भाच्याने इटलीहून येताना ताराल्लीचं एक पाकीट आणलं. ताराल्ली म्हणजे बोटभर लांब कणकेची वळी, टोकाला टोक चिकटवून केलेलं कडं, बडीशेप घालून खरपूस भाजलेलं. पाकिटात तीसेक कडी असतील. त्यांतली अकरा मी खाल्ली आणि बाराव्याला इटालियन खाद्यसंस्कृतीचा जाणकार झालो. हिने एक तोंडात टाकलं आणि म्हणाली, “अहो, कडबोळी आहेत ही. भाजणीची नाहीत एवढंच.”

हा अपमान इटलीला कळला नाही, पण मला लागला. मग मी अभ्यास केला. दोन घराणी निघाली. नेपल्सच्या ताराल्लीत डुकराची चरबी, मिरपूड आणि बदाम. हे घरात नुसतं उच्चारलं असतं, तरी चरबीच्या आधी मीच वितळलो असतो. दुसरं घराणं पुलियाचं, म्हणजे इटलीच्या टाचेकडचं. तिथे मैदा, ऑलिव्ह तेल, मीठ, बडीशेप आणि पांढरी वाइन. कडी आधी उकळत्या पाण्यात सोडायची, वर तरंगली की काढायची, वाळवायची आणि मग भाजायची. हे शाकाहारी घराणं मी पत्करलं.

ऑलिव्ह तेल मेडिकलमध्ये मिळालं, बाळाच्या मालिशच्या इवल्याशा बाटलीत. हिने भुवया उंचावल्यावर मी मुकाट्याने शेंगदाणा तेल घेतलं. वाइनचं तसं अवघड नव्हतं. आपला नाशिक जिल्हा द्राक्षांचा, आणि कावनईच्या बाजूला तर वाइनरीच आहे. कावनईला लोक कपिलधारा तीर्थासाठी जातात. मीही तीर्थासाठीच गेलो, फक्त माझं तीर्थ बाटलीत होतं. परतताना नेमके ओळखीचे एक गृहस्थ भेटले. “दर्शन झालं का?” त्यांनी विचारलं. मी पिशवी छातीशी धरून म्हणालो, “झालं, झालं.”

अर्धा किलो मैद्याला साधारण 200 मिली वाइन, हे प्रमाण. मी मैदा घेतला दोन किलो. म्हणजे 800 मिली हवी आणि बाटली 750ची. उरलेल्या 50च्या जागी नळाचं पाणी घातलं. पुढे जे घडलं त्याचा सगळा दोष मी बरेच दिवस त्या 50 मिली पाण्यावर ढकलत होतो.

कडी उकळत्या पाण्यात सोडली. तरंगायला हवी होती. काही तरंगली, काही तळाला जाऊन बसली आणि काहींनी मध्येच एकमेकांना मिठ्या मारल्या. ती हिच्या नव्या चादरीवर वाळत घातली, तर परतीचा पाऊस सुरू झाला. इगतपुरी तालुक्यात पाऊस जातो म्हणजे नुसता निरोप घेतो, निघत नाही. शेतात भात सोंगायला आलेला, शेतकरी आभाळाकडे बघून हवालदिल, आणि मी खिडकीत उभा राहून कडबोळी सादळतील म्हणून हळहळतोय. ते हळहळणं आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

डबा प्लास्टिकात गुंडाळून, स्कूटरवर पायांमध्ये धरून भट्टीवर गेलो. नंबर आला तेविसावा. पुढच्या बाईंनी माझं झाकण माझ्याआधी उघडलं. “भाऊ, हे ओलं कशाचं?”

“ताराल्ली.”

“कुणाची आळी?”

तेवढ्यात उस्तादांनी डबा पुढे ओढला. भट्टीपुढे आयुष्य काढलेला माणूस. एक कडं उचलून त्यांनी उजेडात धरलं, दाबलं, हुंगलं. “उकडलंय?”

“हो. आधी उकडायचं, मग भाजायचं.”

“मग तळायचं कधी?”

रांग हसली. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी व्याख्यान सुरू केलं. अठराव्या शतकाच्या शेवटी नेपल्सच्या भटारखान्यांत पावाची उरलेली कणीक फेकवेना, म्हणून तिच्यात चरबी आणि मिरी मळून ही कडी निघाली, गरिबांचं पोट त्यांवर भरायचं, वगैरे. मग सुरतेला आलो. डच निघून गेल्यावर त्यांची भट्टी दोतीवाला या पारशी गृहस्थांकडे आली. पाव खपेना, उरलेला पाव सुकून कडक व्हायला लागला, तर लोक तो सुका पावच आवडीने मागू लागले आणि त्यातून सुरती बटर निघालं, असं सांगतात. नानकटाईही त्याच भट्टीची म्हणतात. “म्हणजे बघा, नेपल्स काय आणि सुरत काय, खारं बिस्किट जन्मलं ते उरल्यासुरल्यातून!”

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग हात लांबवून काउंटरवरच्या बरणीतलं एक जिरा बटर काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. “हेच ना?”

हेच होतं. पण तेविसाव्या नंबरावर माघार कशी घेणार?

भट्टीवर प्रत्येकाच्या डब्यावर नाव असावं लागतं. बायकांनी खडूने, खिळ्याने, कुणी नेलपॉलिशनेही डब्यावरच नावं लिहिली होती. मी चिठ्ठी लिहिली होती शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात. पावसाने तिचं निळं आभाळ करून टाकलं. संध्याकाळी नाव नसलेला एक डबा उरला, तो माझाच असणार म्हणून मी ऐटीत उचलला. घरी झाकण उघडलं तर आत नानकटाई. साजूक तुपातली, वेलची लावलेली. हिने एक खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाली, “तुमचं इटलीचं प्रकरण सुधारलं हो.”

डबा परत करायला हवा हे आम्हाला लगेच कळलं. फक्त ते नीट पटेपर्यंत दोन दिवस गेले आणि डबा अर्धा झाला.

तिसऱ्या दिवशी भट्टीवर गेलो, तर भंडारदऱ्याच्या रस्त्यावरच्या एका गावाहून आलेल्या आजी माझा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी चोरासारखा त्यांचा डबा पुढे केला. त्यांनी तो हलवून पाहिला, आवाजावरून हिशेब केला, पण बोलल्या नाहीत. इटलीत भांडण गोडीगुलाबीने मिटलं की ते ताराल्ली आणि वाइनवर मिटलं असं म्हणतात. आमचं उस्तादांच्या चहावर मिटत होतं. मी माझा डबा उघडला. आत सात कडी होती, एकमेकांना मिठी मारलेली.

“बाकीची?” मी विचारलं.

“आमच्या म्हाताऱ्याने खाल्ली,” आजी म्हणाल्या. “माळकरी माणूस, बाहेरचं काही तोंडात घेत नाही. पण ही चहात बुडवून दोन दिवसांत फस्त केली. झोपही गाढ लागली म्हणे. मोहन कमी पडलं तुमच्या बायकोचं, पण चव न्यारी. त्यात काय घालता वो बाबा?”

उस्ताद भट्टीत फळी सारता सारता थांबले. रांगेतल्या बायकाही वळल्या.

“द्राक्षाचा रस,” मी म्हणालो.

“ताजा?”

“नाही,” मी म्हणालो. “जरा जुना.”